सिंधूची काच

१

इंदूबाई देवणीकर उदगीरहून एसटीनं लातूरला पोचल्या, तेव्हा काच चोरीला जाऊन तीन दिवस झाले होते.

ही काच कपाटाची किंवा दुकानाची नव्हती. पाणबुडीच्या खिडकीची होती. ताटाएवढी गोल, वीतभर जाड, पंचवीस किलोची, परदेशातून खास ओतून आणलेली. ती बसल्याशिवाय पाणबुडी पाण्यात उतरणार नव्हती, आणि दुसरी मागवायची म्हटलं तर सहा महिने लागणार होते. प्रवाशांना घेऊन समुद्रातली पहिली फेरी तर बारा दिवसांवर आली होती.

ज्या लातूरला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, तिथं कुणी समुद्राच्या तळाशी जायची पाणबुडी बांधतंय म्हटल्यावर लोक आधी हसले होते. मग सवय झाली. कारखान्याचे मालक अण्णाराव चाळीस वर्षं तेल गाळायची दाबयंत्रं बनवत होते. दाब म्हणजे काय, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. एकुलता एक मुलगा आलोक शिकून, समुद्र बघून परत आला आणि म्हणाला, "अण्णा, आपण पाणबुडी करू." अण्णारावांनी कारखान्याची मागची अर्धी शेड त्याला देऊन टाकली. आलोकनं पाणबुडीला आईचं नाव दिलं, सिंधू. आईला जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं.

इंदूबाई निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी तीस वर्षं त्यांनी तंत्रनिकेतनातली चाचणी प्रयोगशाळा सांभाळली. लोखंड, सिमेंट, प्लॅस्टिक, हाती येईल ते यंत्रात घालून तोडायचं आणि ते का तुटलं हे पोरांना समजावायचं. पोरं त्यांना पाठीमागं 'तोडफोड मॅडम' म्हणत. आलोकही त्यांच्याच हाताखालून गेलेला.

एमआयडीसीत अजून धुकं होतं. शेजारच्या डाळ मिलची घरघर त्या धुक्यातून जमिनीवाटे तळपायांपर्यंत येत होती. अण्णाराव फाटकातच उभे होते.

"आलात, मॅडम. लई बरं झालं."

"पोलिसांत दिलंत का?"

"न्हाई." अण्णारावांनी मान दुसरीकडं वळवली. "घरची गोष्ट हाय. चव्हाट्यावर कशाला?"

"मग काच कुठं होती ते दाखवा."

पण अण्णाराव खिडकीकडं गेलेच नाहीत. इंदूबाईंना घेऊन ते शेडच्या मधोमध आले, जिथं ती काळी, लांबट, गुळगुळीत सिंधू लाकडी पाळण्यावर निजली होती.

"काचेचं मागून बघू," ते हळूच म्हणाले. "आधी हिच्या अंगाला कान लावा."

२

इंदूबाईंनी खरोखरच कान लावला.

आत काहीच नव्हतं. तरी शंखातून येतो तसा एक लांबचा, भिजलेला आवाज येत होता. डोळे मिटल्यावर त्यांना वाटलं, शेडचा पत्रा हळूहळू वर चाललाय आणि आपण खाली. उजेड आधी हिरवा, मग निळा, मग नुसता आठवणीपुरता. इंदूबाईंनी समुद्र पाहिला होता तो लग्नानंतर एकदा, किनाऱ्यावरून, चपला हातात धरून.

डोळे उघडले तेव्हा समोर अपूर्वा उभी होती. कवचाचं डिझाइन तिचं. तिशीतली, शांत, डोळ्यांखाली काळं.

"कार्बनचा धागा राळेत भिजवून गुंडाळलाय, मॅडम. चार इंच जाडीचा. दोन्ही टोकांना टायटॅनियमचे घुमट, चिकटवलेले."

"आणि खाली किती जायचं?"

"दीड हजार मीटर."

इंदूबाईंनी मनात हिशेब केला. तेवढ्या खोलीवर बोटाच्या नखाएवढ्या जागेवर दीड क्विंटलचं ओझं. आडतीतलं दीड पोतं सोयाबीन एकेका नखावर, आणि तेही सगळ्या बाजूंनी, सगळ्या अंगावर, एकाच वेळी.

मग त्यांनी खिडकीची जागा बघितली. काच जिथं बसते ती खोबण स्वच्छ पुसलेली होती. तिला ताजं ग्रीस लावलं होतं. वर प्लॅस्टिकचा कागद ताणून सुतळीनं बांधला होता, आत धूळ जाऊ नये म्हणून.

"हे तू बांधलंस?"

"नाही. आम्ही आलो तेव्हा असंच होतं."

चोरानं जाताना जागा झाकून ठेवली होती. इंदूबाई त्या सुतळीच्या गाठीकडं बराच वेळ बघत राहिल्या.

पर्समधून त्यांनी एक रुपया काढला. बाजारात मडकं घेताना बायका टिचकी मारून बघतात, तसं त्या कवचावर रुपया वाजवत निघाल्या. टण. टण. टण. हातभर पुढं, पुन्हा टण. दुपारचं ऊन पत्र्याच्या फटीतून सरकत होतं, मिल घरघरत होती, आणि कवचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो एकच स्वच्छ आवाज चालला होता, गाईच्या गळ्यातल्या घुंगरासारखा.

मागच्या घुमटाजवळ त्यांनी रुपया वाजवला आणि थांबल्या.

भद्द.

पुन्हा वाजवला. भद्द. तळहाताएवढ्या जागेत कवच मेलेल्या लाकडासारखं बोलत होतं.

आलोक पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. फोन स्पीकरवर होता, पलीकडचा माणूस सगळ्या शेडला ऐकू जात होता.

"आलोक," इंदूबाईंनी हाक मारली. "इथं आतले थर सुटलेत का रे?"

तो वळला नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. तरी नाही. मुद्दाम करतोय, असं त्यांना वाटलं आणि त्या दुखावल्या. शेवटी त्या पुढं जाऊन समोर उभ्या राहिल्या, तेव्हा तो त्यांच्या तोंडाकडं बघत गोड हसला.

"कधी आलात, मॅडम? चहा घेतला का?"

३

टिचकीनं दगा कळतो, पण टिचकी कुणी कागदावर घेत नाही. इंदूबाईंना कवचाच्या चाचण्यांच्या नोंदी हव्या होत्या.

कारखान्याच्या मागं जमिनीत गाडलेली एक जाड पोलादी टाकी होती. कामगार तिला 'आड' म्हणत. सिंधूला त्या आडात उतरवायचं, झाकण आवळायचं, पंपानं पाण्याचा दाब समुद्राएवढा करायचा. कवचावर चिकटवलेले मायक्रोफोन आतली बारीकशी करकरही टिपून घेत. अशा सात चाचण्या झाल्या होत्या.

"सातव्या चाचणीचा अहवाल दाखव ना," त्या म्हणाल्या.

"विमावाल्यांकडं आहे," आलोक म्हणाला. "आणि मॅडम, अण्णांनी तुम्हाला काच शोधायला बोलावलंय ना?"

बोलणं गोड होतं, पण दार बंद झालं होतं.

पंपावर गुंडप्पा असायचा. निलंग्याकडचा, पन्नाशीचा, कारखान्याच्या किल्ल्या कमरेला लावून फिरणारा. सगळ्यांचा पहिला संशय त्याच्यावर होता, आणि ते त्याला माहीत होतं.

"मंगळवारी दुपारी गेली काच," तो म्हणाला. "सकाळी म्या सोता फडक्यानं पुसली व्हती. मी जेवायला गेलतो, तासाभरानं आलो. पैल्यांदा ध्यानातच आलं न्हाई, मॅडम. कागद बांधलेला, वाटलं कुणी झाकलं आसंल."

"त्या तासात फाटकातून काय बाहेर गेलं?"

"काई न्हाई. मालकाच्या शेतावर पेंडीची पोती गेली टेम्पोत. घाणे चालवून बघतो न्हवं आपण, पेंड उरती, ती बैलांना जाती. दर मंगळवारी."

"सातव्या चाचणीला तू होतास?"

"हाव. पंपावर. पण पंप चालू आसला की मला काय ऐकू यायलंय? ढोल वाजवला तरी न्हाई."

आनंदराज समोरच्या खोलीत बसायचा. फेऱ्यांची जाहिरात आणि नोंदणी त्याच्याकडं होती. इस्त्रीचा शर्ट, टेबलावर समुद्राच्या चित्राचं कॅलेंडर.

"फेरी हुकली तर सगळ्यात आधी मी बुडालो, मॅडम. मी कशाला चोरू?" मग तो पुढं वाकला. "अपूर्वाला विचारा. कवच जाड करा म्हणून ती वर्षभर भांडत होती. आणखी एक महिना द्या म्हणत होती. आलोकनं ऐकलं नाही."

"म्हणून ती काच चोरील?"

आनंदराजनं ड्रॉवर उघडून एक घडी घातलेला कागद पुढं सरकवला.

"हा तिच्या टेबलावर पडला होता."

राजीनामा होता. खाली अपूर्वाची सही, आणि तारीख काच गेली त्याच्या आदल्या दिवसाची.

४

"लिहिला होता," अपूर्वा म्हणाली. "दिला नाही."

"का लिहिलास?"

"भीती वाटते, मॅडम. रोज रात्री तेच स्वप्न. मी आत बसलेय, सगळं निळं आहे, छान वाटतंय, आणि कुणीतरी बाहेरून नखानं टकटक करतंय." ती थांबली. "पण सातव्या चाचणीत कवच एकदाही कुरकुरलं नाही. त्या आलेखावर एक रेघ नाही. मग राजीनाम्यात कारण काय लिहू? स्वप्न पडतं म्हणून?"

"तू नव्हतीस त्या चाचणीला?"

"आई आजारी होती. आलेख मी दुसऱ्या दिवशी पाहिला."

अहवालाची एक प्रत दोन्ही प्रवाशांना गेली होती, एवढं आनंदराजकडून कळलं. प्रवासी होते नांदेडचे, निवृत्त भूगोलाचे मास्तर बापूसाहेब आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. पहिल्या फेरीत आलोक, अपूर्वा आणि हे दोघं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं इंदूबाई नांदेडला गेल्या.

बापूसाहेबांनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला होता. समुद्राचे भाग बोटं फिरवून फिरवून पांढुरके झाले होते.

"चौतीस वर्षं मी पोरांना समुद्रतळ शिकवला," ते म्हणाले. "खोल दऱ्या, डोंगर, सगळं. एकदा एका पोरानं विचारलं, सर, तुम्ही पाहिलंय? मी म्हणालो, पाहीन. पोरं विसरली असतील. मी नाही विसरलो."

लक्ष्मीबाईंनी कपाटातून फाइल आणली. गुळगुळीत कागदावर छापलेला अहवाल. सातवी चाचणी, पूर्ण दाब, चार तास, कवचाचा आवाज शून्य. आलोकची सही. तारीख तीस डिसेंबर.

इंदूबाई आकडे तपासत होत्या. त्यांच्या खांद्यावरून लक्ष्मीबाई वाचत होत्या. त्यांचं माहेर औशाचं.

"तीस डिसेंबर?" त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तर येळवस होती. भाऊ न्यायला आला होता मला. त्या दिवशी लातुरात कोण काम करतंय, बाई?"

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातूर जिल्हा घरात राहत नाही. दुकानं बंद, आडत बंद, रस्ते ओस. सगळं गाव भज्जी ही मिसळभाजी, आंबील आणि बाजरीचे उंडे घेऊन आपल्या नाहीतर दुसऱ्याच्या शेतात जाऊन जेवतं.

परतीच्या बसमध्ये इंदूबाईंचा डोळा लागला. काळ्या रानांवर संध्याकाळचं धुकं उतरत होतं आणि त्यांना वाटलं, बस रस्ता सोडून उतारानं खाली चाललीये. ज्वारीची कणसं पाण्यात डुलावी तशी संथ डुलत होती. गावं मागं पडत होती, आवाज मागं पडत होते. काहीच ऐकू येत नव्हतं.

लातूरच्या अलीकडं त्या दचकून जाग्या झाल्या. सगळं शहर गप्प असलेला दिवस. त्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये काय ऐकू येईल?

५

सकाळी कारखान्यात फक्त अपूर्वा आली होती. इंदूबाईंनी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

"सातवी चाचणी लाव. आलेख नको. आवाज."

"आवाज कुणी ऐकत नाही, मॅडम. चार तासांचा असतो. आलेखावर सगळं दिसतं."

"मी ऐकते."

हेडफोन मोठे होते. इंदूबाईंनी डोळे मिटले. पाण्याचा जड, गुंगी आणणारा सुस्कारा. कवच खरंच शांत होतं. एक करकर नाही. आणि त्या शांततेच्या तळाशी, खूप खाली, काहीतरी चालू होतं. घर्रर्र. घर्रर्र.

त्यांनी हेडफोन काढून अपूर्वाच्या कानांवर ठेवले.

"हे काय आहे?"

"शेजारची डाळ मिल. जमिनीतून येतो तो आवाज, नेहमीच येतो. आलेखावरून आम्ही तो पुसून टाकतो, नाहीतर..." अपूर्वाचा हात माउसवरच थांबला. "मॅडम, तारीख मीच सुचवली होती. येळवसला मिल बंद असते, घरघर नसेल, चाचणी स्वच्छ होईल म्हणून."

"मग ही मिल कुठली?"

एकामागून एक जुन्या चाचण्या काढून त्या दोघी ऐकत बसल्या. दुपार कधी झाली कळलं नाही. सातव्या चाचणीत बेचाळिसाव्या मिनिटाला घरघर अचानक थांबत होती. मिलची वीज गेली असणार. अकरा मिनिटांनी पुन्हा सुरू. तिसऱ्या चाचणीतही बेचाळिसाव्या मिनिटाला घरघर थांबली, आणि अकरा मिनिटांनी सुरू झाली.

"तिसरीचं रेकॉर्डिंग सातवी म्हणून लावलंय," अपूर्वा कुजबुजली. "पण फाइल बदलायचा पासवर्ड दोघांकडंच आहे. माझ्याकडं आणि..."

"तू बदलली असतीस तर ही घरघर ठेवली नसतीस. मिल बंद म्हणून तारीख सुचवणारी पोर मिलचा आवाज कशी विसरेल? ज्यानं बदलली त्यानं नुसता आलेख पाहिला. आवाज ऐकलाच नाही." इंदूबाई थांबल्या. शेडमध्ये पाठमोरा उभा असलेला, हाकेला न वळणारा आलोक त्यांच्या डोळ्यांसमोर आला. फोन कायम स्पीकरवर. बोलणाऱ्याच्या ओठांवर खिळलेली नजर. "किंवा त्याला तो ऐकू येत नाही."

"आलोक? पण तो स्वतः आत बसणार आहे!"

"म्हणूनच कुणाला संशय आला नाही."

अपूर्वा रडायला लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "आणि काच? काच कुणी नेली?"

"ते मला पहिल्याच दिवशी कळायला हवं होतं," इंदूबाई म्हणाल्या. "रिक्षा बोलव. शेतावर जायचंय."

६

अण्णारावांचं शेत शहरापासून सहा कोसांवर. हरभऱ्याचे घाटे भरले होते. गोठ्यापुढं बाजेवर अण्णाराव एकटेच बसले होते.

इंदूबाई त्यांच्या शेजारी टेकल्या. "पेंडीच्या कुठल्या पोत्यात आहे?"

अण्णारावांनी नाकारलं नाही. गोठ्यातल्या कोपऱ्याकडं नुसता हात केला.

"कसं वळखलं?"

"चोर धरायचा असता तर तुम्ही पोलीस बोलावले असते. वस्तू कशी तुटते हे सांगणाऱ्या बाईला कशाला बोलावलं असतं? बरं, चोरी काचेची, आणि तुम्ही मला कवचाला कान लावायला सांगितलं. चोरानं खिडकीला ग्रीस लावलं, वर कागद बांधला. यंत्राला जीव लावणाऱ्याचंच ते काम. आणि त्या तासात बाहेर गेली ती फक्त तुमची पोती."

अण्णाराव रानाकडं वळून बोलू लागले.

"येळवसला म्या शेतात आलो न्हाई, मॅडम. जल्मात पैल्यांदा. पोरगं कामावर, म्हून भज्जी-आंबील घेऊन कारखान्यात गेलो. आडापाशी बसलो. चाळीस वरीस प्रेसला कान लावलेत म्या, सवयच ती. आडाच्या नळीला कान लावला." त्यांचा आवाज खाली आला. "निम्मा दाब बी झाला नव्हता. आत तिनं बोलाया सुरुवात केली. टिच. टिच. मंग भाजतात न्हवं लाह्या, तशा."

"आलोकला सांगितलंत?"

"सांगितलं. म्हणला, अण्णा, मला तर काई ऐकू आलं न्हाई. नवीन वस्तू बसती जागेवर. तुमचं तेलाचं गणित हितं चालत न्हाई." ते थांबले. "तिला त्याच्या आईचं नाव हाय, मॅडम. बोलू कुणाला? म्हून काच काढली. सा महिने तरी थांबल म्हणलं. आन तुमाला बोलावलं. मी न्हाई सांगू शकत, तुमी सांगा."

७

संध्याकाळी पाचला आलोक केबिनमध्ये एकटा होता. इंदूबाई त्याच्या समोर, ओठ दिसतील अशा बसल्या आणि सगळं सांगितलं. घरघर, बेचाळिसावं मिनिट, तिसरी चाचणी. काच शेतावर आहे, तेही.

तो भांडला नाही. फक्त लहान दिसायला लागला.

"कान कधी गेले?"

"डायव्हिंग शिकताना. दोन वर्षं झाली. हळूहळू कमी होतायत." तो टेबलाकडं बघत म्हणाला. "कळलं असतं तर मला पाणबुडी चालवू दिली नसती."

"सातव्या चाचणीचं खरं रेकॉर्डिंग पुसलंस?"

"नाही." फाइल त्यानं स्वतःच काढली. आलेखावर दाट, उभ्या रेघा होत्या. "मला वाटलं, कवच स्थिरावतंय. मॅडम, पहिल्या चाचणीतही रेघा होत्या ना!"

"पहिल्या चाचणीत होणारच. नव्या बाजेवर पहिल्यांदा बसलं की ती करकरते, मग गप्प होते. एकदा सोसलेल्या ओझ्याला कवचानं पुन्हा बोलायचं नसतं. ते पुन्हा बोललं, आणि निम्म्याच ओझ्याला बोललं, तर ते बसत नाहीये. तुटतंय." त्यांनी टेबलावरचा मोठा स्पीकर त्याच्याकडं सरकवला. "हात ठेव."

"कशाला?"

"ठेव तर."

आलोकनं तळहात स्पीकरच्या जाळीवर ठेवला. इंदूबाईंनी आवाज पूर्ण वाढवला. बाहेर आवारात उभा असलेला गुंडप्पा चपापून आत बघू लागला. केबिनभर लाह्या फुटत होत्या. आलोकला त्या ऐकू येत नव्हत्या, पण तळहाताला लागत होत्या. एक. मग दोन. मग मोजता न येणाऱ्या. जणू आतून कुणीतरी बोटांनी त्याचा हात बाजूला सारत होतं.

त्यानं हात मागं घेतला नाही. त्याचे डोळे भरून आले, तरी नाही.

"जहाज ठरलंय," तो म्हणाला. "मला ती एकदा खाली जाताना बघू द्या. रिकामी. तुमचंच चुकलं असेल तर?"

"रिकामी सोड," इंदूबाई म्हणाल्या. "पण त्याआधी पाणबुडीला प्रमाणपत्र देणाऱ्यांना खरं काय ते पत्र. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं लिहिलं. मग पेन खाली ठेवून विचारलं, "बापूसाहेबांना काय कळवू?"

"येऊ दे त्यांना. समुद्र तरी बघतील. बाकीचं तू सांगायचं. मी नाही."

८

किनारा दिसेनासा होऊन बरेच तास झाले होते. समुद्र इतका संथ होता की जहाज एका जागी झोपलंय असं वाटावं. पाणी निळं नव्हतं. दुपारच्या उन्हातही जवळजवळ काळं, लातूरच्या नांगरलेल्या रानासारखं.

अण्णारावांनी काच स्वतःच्या हातानं बसवली होती. चार माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती आत ठेवून दार आवळलं गेलं. दोरावर सिंधू पाण्यात उतरली. एक क्षण तिचं नाव पाण्याखाली थरथरताना दिसलं, मग तेही नाही.

डेकवर अपूर्वा मीटर मोजत होती. चारशे. सातशे. हजार. सगळं व्यवस्थित. आलोकनं एकदा इंदूबाईंकडं पाहिलं, त्या नजरेत आशा होती, आणि इंदूबाईंना मनापासून वाटलं की आपलं चुकलेलं असावं. पोराची आई त्या पाण्यात खाली चालली होती.

"बाराशे," अपूर्वा म्हणाली. "बाराशे वीस. बाराशे चाळीस."

पुढचा आकडा तिनं सांगितला नाही.

आवाज असा झालाच नाही. पायाखालच्या पत्र्याला खालून एकदाच, कुणी मुठीनं ठोसा द्यावा तसा धक्का बसला. आलोकला तो पायांतून कळला. दोर सैल पडला. पाण्यावर बराच वेळ काहीच आलं नाही, आणि मग खूप लांब, ताटाएवढ्या जागेत, बारीक पांढरे बुडबुडे फुटत राहिले.

अण्णाराव मुलाजवळ गेले. नुसते खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

तेवढ्यात खालच्या केबिनचा जिना चढून बापूसाहेब वर आले. समुद्राच्या तळाशी थंडी असते म्हणून त्यांनी स्वेटर घातला होता, वर मफलर. मागं लक्ष्मीबाई. जहाजावर आल्यापासून आलोक त्यांना टाळत होता.

"काय हो, काहीतरी आपटलं वाटतं?" बापूसाहेब म्हणाले. "आमचा नंबर कधी?"

इंदूबाईंच्या ओठांवर शब्द आले होते, त्यांनी ते गिळले.

आलोक पुढं आला. मास्तरांसमोर डेकवर मांडी घालून बसला, त्यांचा चेहरा दिसेल असा.

"सर, ती फुटली. तुमच्याकडचा अहवाल खोटा आहे. तो मी केला."

बापूसाहेब कठड्याला धरून हळूहळू खाली बसले. लक्ष्मीबाईंनी पदर तोंडाशी धरला.

"असं नको," बापूसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता. "वर्गात समजावतात तसं सांग. आत आम्ही चौघं बसलोय. दार बंद झालंय. पुढं?"

आलोकनं त्यांच्या ओठांवरून प्रश्न वाचला.

"पुढं तासभर आपण खाली जात राहिलो असतो," तो म्हणाला. "तुम्ही काचेतून बघत बसला असता. आधी हिरवं, मग निळं, मग काळं. तुम्ही आम्हाला दऱ्या-डोंगर सांगितले असते. मागच्या घुमटाजवळ करकर सुरू झाली असती. मला ती ऐकू आली नसती. अपूर्वाला आली असती, तुम्हालाही. तुम्ही मला विचारलं असतं, हे काय? मी म्हणालो असतो, काही नाही, सर, नवीन आहे, जागेवर बसतंय."

"आणि?"

"आणि बाराशे चाळीस मीटरवर..." तो थांबला. "तुम्हाला काही कळलंच नसतं. कळायच्याही आधी सगळं संपलं असतं."

"बोल. थांबू नको."

आलोकनं वडिलांकडं पाहिलं, इंदूबाईंकडं पाहिलं, आणि मग पुन्हा मास्तरांकडं.

"मॅडमना मी सांगितलं की मला वाटलं कवच स्थिरावतंय. तसं नाही, सर. मला ठाऊक होतं."